पाच डॉलरचं गाव

1877 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहरात एक हस्तपत्रक वाटलं गेलं. कॅन्ससला जाऊ इच्छिणाऱ्या सगळ्या कृष्णवर्णीयांना 5 सप्टेंबर 1877 रोजी पाच डॉलरमध्ये जाता येईल, असं वर ठळक टाइपात छापलेलं. खाली मजकूर असा, की सरकारी मालकीची उत्तम जमीन तिकडे भरपूर पडून आहे, ती घेऊन वस्ती करायला आपण एकत्र आलो आहोत. सभासद व्हायची वर्गणी एक डॉलर, आणि ती पंचवीस-पंचवीस सेंटच्या हप्त्यांनी दिली तरी चालेल. तळाला टीप: ही वसाहत सॉलोमन नदीच्या खोऱ्यातल्या, ग्रॅहम काउंटीतल्या निकोडीमस गावाला जोडली जाईल.

एक डॉलरही एकरकमी न देऊ शकणारा हा वाचक कोण होता, हे समजायला फार डोकं चालवावं लागत नाही. बारा वर्षांपूर्वीपर्यंत तो स्वतःच कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत होता. लिंकनचा 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर दक्षिणी राज्यांपुरता होता. केंटकी संघराज्यात राहिलं, म्हणून तो केंटकीला लागूच झाला नाही. तिथली गुलामी कायद्याने संपली ती डिसेंबर 1865 मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. (केंटकीच्या विधिमंडळाने त्या दुरुस्तीला मान्यता दिली 1976 साली. आकडा चुकून छापलेला नाही.) मुक्ती मिळाली, पण जमीन मिळाली नाही. बहुतेकांच्या वाट्याला जुन्याच मालकांच्या शेतात बटाई नाहीतर मजुरी आली. 1877 मध्येच दक्षिणेतून उरलंसुरलं केंद्रीय सैन्याचं संरक्षणही निघालं आणि मतदान करणाऱ्या, जमीन मागणाऱ्या काळ्या माणसाचा जीव स्वस्त झाला.

कॅन्ससचं नाव मात्र मोठं होतं. हे राज्य 1861 मध्ये संघराज्यात आलं तेच गुलामी नाकारून, त्याआधीची काही वर्षं त्या प्रश्नावर रक्त सांडून. गुलामीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन याच भूमीवर लढलेला. त्यातून 1862 चा होमस्टेड कायदा: कुटुंबप्रमुखाने 160 एकर सरकारी जमीन नोंदवायची, पाच वर्षं तिथे राहून ती कसायची, की ती त्याची. सगळी फी मिळून अठरा डॉलरच्या आसपास. कायद्यात रंगाची अट नव्हती.

इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली ती 1873 साली, आणि ती अर्पण केली होती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यानंतर चारच वर्षांनी त्या मुक्त झालेल्यांपैकी काहीजण वर्गणीचे हप्ते भरत होते. जोतीरावांना निकोडीमसची खबर असण्याचं कारण नाही. पण मुक्तीनंतर पुढे काय, जमीन कुणाची आणि शाळा कुणाची, हे प्रश्न दोन्हीकडे एकाच सुमाराला विचारले जात होते, एवढी नोंद मराठी वाचकाने करायला हरकत नाही.

गाव वसवणारी कंपनी एप्रिल 1877 मध्ये स्थापन झाली. सात सभासद, सहा काळे, एक गोरा. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे, आणि गोरा सभासद म्हणजे इंडियानाहून आलेला डब्ल्यू. आर. हिल. हा हिल म्हणजे जमिनींचे व्यवहार जुळवणारा माणूस. चर्चमध्ये उभा राहून बोलायची हातोटी, आणि नकाशावर गावं उठवायचा नाद. ग्रॅहम काउंटीचं आजचं मुख्य ठाणं हिल सिटी हे त्याच्याच नावाचं. लोक जितके जास्त येतील तितकी त्याला फी जास्त, आणि त्याच्या दुसऱ्या गावालाही आधार. काही इतिहासकार त्याला सरळ लबाड ठरवतात. माझ्या मते तो त्या काळच्या पश्चिमेतला नेहमीचा नमुना होता: जे विकतोय त्यावर स्वतःचाही निम्मा विश्वास बसलेला.

गावाचं नाव निकोडीमस. ते बायबलमधल्या निकोडीमसवरून आलं की त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका गाण्यातल्या गुलाम नायकावरून, यावर वाद आहे. कंपनीच्या जाहिरातीत गाण्याचा उपयोग केलेला होता, तेव्हा दुसऱ्या पक्षाकडे पारडं झुकतं.

जाहिरातीत जे नव्हतं ते नकाशात होतं. निकोडीमस कॅन्ससच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याच्या उत्तरेला आहे. नदी म्हणायची एवढंच. बऱ्याच महिन्यांत तिच्यात वाळू जास्त आणि पाणी कमी. आजूबाजूला ‘हाय प्लेन्स’, म्हणजे रॉकी पर्वतांच्या पायथ्यापासून पूर्वेकडे हळूहळू उतरत गेलेला अफाट माळ. झाडं फक्त ओढ्यानाल्यांच्या कडेला. खाली खडूचा आणि चुनखडीचा थर, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी हा भाग समुद्राखाली होता. वर आखूड पण चिवट गवत. त्याची मुळं इतकी गुंतलेली, की लाकडी नांगर त्यात शिरतच नाही.

आणि पाऊस. इथून साधारण तीस किलोमीटर पश्चिमेला शंभर अंश पश्चिम रेखांश जातो. अमेरिकेच्या शेतीच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची अदृश्य रेघ. तिच्या पूर्वेला वर्षाला वीस इंचांहून जास्त पाऊस पडतो, पश्चिमेला कमी; आणि सिंचनाशिवाय शेती करायची तर वीस इंच ही किमान गरज. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 मध्ये, म्हणजे निकोडीमस एक वर्षाचं असताना, सरकारला दिलेल्या अहवालात हेच मांडलं. या कोरड्या मुलखात 160 एकराचा तुकडा कुटुंबाला पुरणार नाही. चराऊ शेतासाठी 2,560 एकर द्यावे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तो कुणाला नको होता. त्यापेक्षा ‘जिथे नांगर जातो तिथे पाऊस मागोमाग येतो’ हा सिद्धांत लोकांना गोड वाटला. तो सांगणाऱ्यांत चांगले शिकलेसवरलेले लोक होते. रेल्वे कंपन्या आणि जमीन विकणारे तर टाळ्याच वाजवत होते.

निकोडीमस या रेघेच्या पूर्वेला आहे, पण जेमतेम. सरासरी वीस इंच म्हणजे एखाद्या वर्षी सव्वीस, एखाद्या वर्षी बारा. चांगली वर्षं ओळीने आली की माणसांना वाटायचं, हवा बदलली. मग ओळीने वाईट वर्षं यायची. गावाच्या लोकसंख्येचा आलेख पुढे या रेघेच्या आसपास वरखाली होत राहिला, हे लक्षात ठेवलं तर बाकीचा इतिहास समजायला सोपा जातो.

आणखी एक गोष्ट जमिनीच्या मोजणीची. अमेरिकी सरकारने हा सगळा मुलूख वस्ती होण्याआधीच चौकोनांत कापून ठेवला होता. एक मैल बाय एक मैल म्हणजे सेक्शन, 640 एकर. त्याचा चौथा हिस्सा 160 एकर, म्हणजे एका कुटुंबाचा दावा. छत्तीस सेक्शन मिळून टाउनशिप. ओढा कुठून जातो, उंचवटा कुठे आहे, मोजणीला याच्याशी कर्तव्य नव्हतं. आणि कायद्याची अट अशी, की घर त्या 160 एकरांतच हवं. आपल्याकडे गावठाणात घरं एकाला एक लागून असतात आणि माणूस सकाळी शेतावर जातो. इथे उलट, प्रत्येक घर दुसऱ्यापासून अर्ध्या मैलावर, आणि गाव म्हणजे मध्ये कुठेतरी दुकान, चर्च, पोस्ट एवढंच. त्यामुळे ‘निकोडीमस’ या नावात दोन वेगळ्या गोष्टी येतात: 160 एकरांच्या तुकड्यावर आखलेलं छोटं गाव, आणि भोवतालच्या टाउनशिपमध्ये विखुरलेली शेतकरी कुटुंबं. जुन्या नोंदींतले लोकसंख्येचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत ते बरेचदा यामुळेच. कुणी गाव मोजलं, कुणी टाउनशिप.

कंपनीचे सचिव सायमन राउंडट्री जून 1877 मध्ये पोचले. जुलैत टोपीकाहून तीसएक माणसं आली. त्यांत झॅकरी फ्लेचर आणि त्यांची पत्नी जेनी, म्हणजे अध्यक्ष स्मिथ यांची मुलगी. सप्टेंबरात हस्तपत्रकाला भुललेली केंटकीची मोठी तुकडी आली, तीनशेच्या वर माणसं. रेल्वे त्यांना एलिसपर्यंत घेऊन आली. तिथून निकोडीमस उत्तरेला पंचावन्न-साठ किलोमीटर. रस्ता नाही, सामान डोक्यावर.

पोचल्यावर गाव दिसेना. 1878 च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी उतारवयात आपली हकिकत सांगून ठेवली आहे, ती या गावाच्या इतिहासातला सगळ्यात जिवंत दस्तऐवज. एलिसमध्ये त्यांच्या तुकडीतल्या मुलांना गोवर आला, काही मुलं तिथेच दगावली. पुढे होकायंत्राच्या आधाराने दोन दिवस प्रवास. सोबतचे पुरुष ओरडले, निकोडीमस आलं! त्यांनी मान उंच करून पाहिलं, काहीच नाही. मग कुणीतरी बोट दाखवलं: जमिनीतून ठिकठिकाणी धूर येत होता. माणसं जमिनीखाली राहत होती. विलियानाबाई रडू लागल्या.

ही जमिनीतली घरं म्हणजे ‘डगआउट’. लाकूड नाही, पैसा नाही, तेव्हा टेकाडाच्या उतारात आडवं खणायचं. तिन्ही बाजूंना मातीचीच भिंत, पुढच्या बाजूला गवताच्या ढेकळांची किंवा दगडाची. वर ओढ्याकाठून आणलेल्या फांद्या, त्यावर काटक्या, त्यावर गवतासकट माती. एका कोपऱ्यात चूल, तिचं धुराडं छतातून वर. लांबून पाहणाऱ्याला तेवढंच दिसणार. हिवाळ्यात हे घर बऱ्यापैकी ऊब धरायचं, हा त्याचा गुण. पावसात छत गळायचं आणि पाऊस थांबल्यावरही गळत राहायचं. साप आणि उंदीर भाडं न देता राहायचे. जळणाला बायसनचं वाळलेलं शेण आणि सूर्यफुलाची ताटं. बायसन तोवर शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवले होते, शेण तेवढं माळावर उरलं होतं.

सप्टेंबरात आलेल्यांपैकी बरीच कुटुंबं हे पाहून आल्या पावली फिरली. लोक हिलवर इतके भडकले की त्याला लपून बसावं लागलं, असं सांगतात. जे राहिले त्यांच्यातले कितीतरी परत जायला पैसे नव्हते म्हणून राहिले. पेरणीचा हंगाम निघून गेला होता. बी-बियाणं नव्हतं, बैल-घोडे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्याकडचं मांस त्यांना दिलं, ही आठवण निकोडीमसच्या घराघरांत सांगितली जाते. तिच्यात एक बोच आहे. ज्या जमिनीला सरकार ‘मोकळी’ म्हणत होतं, ती अशाच लोकांना हुसकावून मोकळी केलेली होती. होमस्टेड कायद्याच्या उदारपणाची ही दुसरी बाजू, आणि निकोडीमसच्या कौतुकात ती झाकली जाऊ नये.

वसंत आला तेव्हा काहींनी कुदळ-फावड्याने जमीन फोडली. पुरुष मैलोन्‌मैल चालत जाऊन रेल्वेच्या कामावर किंवा पूर्वेकडच्या शेतांवर राबले, आणि दाव्याची जमीन बायकांनी सांभाळली. पाच वर्षं वास्तव्य दाखवायचं तर कुणीतरी घरात हवंच. जेनी फ्लेचर यांनी शाळा सुरू केली, तीही डगआउटमध्येच. पहिल्या दोन वर्षांत मदतीसाठी बाहेर हात पसरावा लागला. पण 1879 मध्ये त्यांनी आपण होऊन ते थांबवलं. त्या साली मिसिसिपी आणि लुइझियानातून हजारो निर्धन कृष्णवर्णीय कॅन्ससकडे लोटले, तो ‘एक्झोडस’ म्हणून इतिहासात नोंदलेला आहे. निकोडीमसची माणसं त्या लोंढ्यातली नव्हेत, ती दोन वर्षं आधीची आणि ठरवून आलेली. मदत येत राहिली तर हे नवे फाटके लोकही इकडेच वळतील आणि त्यांचा भार आपल्याला पेलणार नाही, हे त्यांनी ओळखलं. कठोर होतं, पण हिशेब बरोबर होता.

1880 च्या दशकात पाऊस बरा झाला आणि गावाने डोकं वर काढलं. जमिनीखालची माणसं गवताच्या ढेकळांच्या घरांत आली, मग चुनखडीच्या. फ्लेचर यांनी 1880 मध्ये सेंट फ्रान्सिस हॉटेल बांधलं. किराणा दुकानं, औषधांचं दुकान, बँक, तबेला, बेसबॉलचा संघ. 1886 मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ नावाचं वृत्तपत्र निघालं, 1887 मध्ये दुसरं, ‘निकोडीमस एंटरप्राइज’. दोन-तीनशे वस्तीच्या गावाला दोन वृत्तपत्रं म्हणजे चैनच. पण त्या काळी पश्चिमेतली वृत्तपत्रं बातम्यांपेक्षा गावाची जाहिरात करण्यासाठीच निघत. गोरे व्यापारीही आले. गाव पूर्णपणे काळ्यांचं होतं असं नव्हे. पण सूत्रं त्यांच्या हातात होती.

राजकारणातही तसंच. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले, वॉल स्ट्रीटवर कारकुनी केलेले एडवर्ड मॅकेब 1878 मध्ये इथे आले. आधी काउंटीचे क्लार्क झाले, आणि 1882 मध्ये कॅन्सस राज्याचे लेखापाल म्हणून निवडून आले. दक्षिणेबाहेर इतक्या वरच्या राज्यपदावर काळा माणूस निवडून येणं त्या काळी अपूर्व होतं. दोन वर्षांनी ते पुन्हा निवडून आले. पुढे पक्षाने तिकीट नाकारलं, तेव्हा त्यांनी ओक्लाहोमाची वाट धरली आणि 1890 मध्ये लँग्स्टन हे आणखी एक काळ्यांचं गाव उभं केलं. निकोडीमसमधले काहीजण त्यांच्या मागोमाग गेले.

आता गावाच्या आयुष्यातल्या खऱ्या वळणाकडे येतो. या माळावर रेल्वे नसलेल्या गावाला भवितव्य नव्हतं. कारण सरळ होतं. शेतकरी गहू घोडागाडीत भरून नेणार, विकून, सामान घेऊन अंधार पडायच्या आत घरी परतणार. हे आठ-दहा मैलांच्या आतच जमतं. म्हणून रेल्वे कंपन्या तेवढ्या अंतराने स्टेशन टाकत, आणि स्टेशनभोवती दुकानं, कोठारं, बँक गोळा होई. रेल्वे आपल्या गावातून न्यावी म्हणून गावं कंपन्यांना चक्क पैसे देऊ करत. कर्जरोखे काढत आणि पुढची वीस-तीस वर्षं गावकरी कर भरून ते फेडत. मार्च 1887 मध्ये निकोडीमसच्या मतदारांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले. जे दहा वर्षांपूर्वी पंचवीस सेंटचा हप्ता भरत होते, त्यांनी हे धाडस केलं.

मिसुरी पॅसिफिक आली ती पूर्वेला स्टॉकटनपर्यंत, आणि तिथेच थांबली. दुसरी कंपनी, युनियन पॅसिफिक, 1888 मध्ये खरोखरच रूळ टाकत आली. पण सॉलोमन नदीच्या दक्षिण काठाने. निकोडीमस उत्तरेला. मध्ये काही मैल आणि एक बेभरवशाची नदी. कामगारांची छावणी जिथे पडली तिथे बोग नावाचं गाव वसलं. निकोडीमसच्या व्यापाऱ्यांनी हिशेब केला, दुकानं मोडली आणि काहींनी तर अख्ख्या इमारती उचलून बोगला नेल्या. लाकडी चौकटीची घरं चाकांवर घालून हलवणं तेव्हा सर्रास चाले. दोन्ही वृत्तपत्रं बंद पडली.

रंगामुळे गावाला डावललं का? हा प्रश्न निकोडीमसच्या वंशजांमध्ये आजही निघतो. हजारो गोऱ्या गावांनाही रेल्वेने असंच हुलकावणी देऊन मारलं, हे खरं. निकोडीमससाठी रदबदली करायला कंपनीच्या दिवाणखान्यात कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं. मला दोन्ही कारणं एकमेकांत मिसळलेली वाटतात, आणि वेगळी काढून दाखवता येतील असं वाटत नाही.

गाव संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण दुकानदार गेले तरी शेतकरी 160 एकर उचलून कुठे नेणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाऊस आणि गव्हाचे भाव दोन्ही चांगले होते, पहिल्या महायुद्धाने भाव आणखी चढवले. 1907 मध्ये बॅप्टिस्ट चर्चची दगडी इमारत झाली, 1918 मध्ये शाळेची नवी इमारत. मग 1930 च्या दशकात मंदी आणि धुळीची वादळं एकदमच आली. ज्या गवताची मुळं एवढ्या कष्टाने उपटली होती, ती मातीला धरून होती हे तेव्हा कळलं. 1935 मध्ये गावात 76 माणसं उरली होती. सरकारी रोजगार योजनेतून 1939 मध्ये टाउनशिप हॉल उभा राहिला. चुनखडी आसपासच्या खाणीतली, हात गावकऱ्यांचेच. 1950 मध्ये लोकसंख्या 16. तीन वर्षांनी पोस्ट गेलं, 1960 मध्ये शाळा.

ही घसरण एकट्या निकोडीमसची नाही. ग्रॅहम काउंटी म्हणजे तीस मैल बाय तीस मैलांचा चौकोन, सुमारे 2,330 चौरस किलोमीटर. 1910 मध्ये तिथे आठ हजारांच्या वर माणसं होती. 2020 मध्ये सुमारे 2,400. म्हणजे चौरस किलोमीटरला एक. ट्रॅक्टर आणि कंबाइन हार्वेस्टर आल्यावर 160 एकर हा विनोद झाला. एकेक कुटुंब हजारो एकर करू लागलं, आणि जेवढी शेतं मोठी झाली तेवढी घरं कमी झाली. पॉवेल यांचं गणित शेवटी बाजाराने अमलात आणलं, सरकारने नव्हे. ज्याने निकोडीमसला हरवलं त्या बोगमध्ये आज दीडशेच्या आसपास लोक आहेत, आणि तिथूनही रेल्वे निघून गेली आहे. काळ्या शेतकऱ्यांची कथा मात्र याहून कठीण. 1920 मध्ये अमेरिकेत नऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, आज पन्नास हजारांच्या आत. कर्ज नाकारणारी सरकारी कार्यालयं हे त्यामागचं एक मोठं कारण, आणि ते न्यायालयापर्यंत जाऊन मान्य झालेलं आहे.

2020 च्या जनगणनेने निकोडीमसमध्ये 14 माणसं मोजली. जनगणनेचा दिवस 1 एप्रिल. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी कुणी मोजायला गेलं असतं तर आकडा कित्येक शेकड्यांत निघाला असता. वसाहतीच्या सुरुवातीपासून इथे मुक्तिदिनाचा उत्सव होतो. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवरची गुलामी 1 ऑगस्ट 1834 रोजी संपली, त्या तारखेच्या आसपास. केंटकीच्या लोकांनी आपल्या मुक्तीऐवजी दुसऱ्या देशातली तारीख का धरली? कारण गुलामीविरोधी मंडळी अमेरिकेत ही तारीख यादवी युद्धाच्या आधीपासून पाळत होती. ती सवय सोबत आली. पूर्वी दूरदूरच्या शेतांवरून माणसं गाड्या जुंपून येत, झाडीत मुक्काम करत, बेसबॉल खेळत. आता डेन्व्हर, टोपीका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्नियाहून वंशज येतात. मिरवणूक निघते, टाउनशिप हॉलमध्ये भाषणं होतात, चुलतमावस भावंडांच्या पोरांची एकमेकांशी ओळख करून दिली जाते. अनेकांनी जमीन विकलेली नाही. दुसऱ्याला कसायला दिली आहे, पण नावावर ठेवली आहे. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी 1954 मध्ये केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर उचलला गेलेला व्हेरिल स्विट्झर हा इथलाच. तो पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात मोठ्या पदावर गेला, पण निकोडीमसची शेती त्याने सोडली नाही.

1976 मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला, 1988 मध्ये वंशजांनी स्वतःची इतिहास संस्था काढली, आणि तिच्या पाठपुराव्यानंतर 12 नोव्हेंबर 1996 रोजी संसदेने निकोडीमसला राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत घेतलं. पाच इमारती जपल्या आहेत: टाउनशिप हॉल, बॅप्टिस्ट चर्च, मेथडिस्टांचं जुनं चर्च, शाळा आणि फ्लेचर यांचं हॉटेल. शेतीही अगदीच थांबलेली नाही. या शतकाच्या सुरुवातीला इथल्या काही शेतकऱ्यांनी गव्हाच्या जोडीला टेफ हे इथियोपियाचं बारीक धान्य पेरून पाहिलं, कारण ते कमी पाण्यात येतं.

डेन्व्हर ते कॅन्सस सिटी हा रस्ता गाडीने करणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत, आणि कॅन्सस म्हणजे नुसता कंटाळा अशी त्यांची एकमुखी तक्रार असते. हायवे 70 वर एलिसला उतरून उत्तरेला वळलं तर पाऊण-एक तासात निकोडीमस येतं. हायवे 24 गावाला लागूनच जातो. माहिती केंद्र टाउनशिप हॉलमध्ये आहे. गावात पेट्रोल पंप नाही, दुकान नाही. टाकी एलिसलाच भरावी, आणि डबा सोबत असावा.